'मनमिळाऊ'ला इंग्रजीत काय म्हणायचं? फ्रेंडली, अ‍ॅमिकेबल, कॉर्डियल नीट कसे वापरायचे

बायोडेटा असो, मॅट्रिमोनी साइटवरचं प्रोफाइल असो नाहीतर ऑफिसमधल्या कोणाच्या सेंड-ऑफचं भाषण असो, 'मनमिळाऊ' इंग्रजीत लिहायची वेळ आली की बहुतेक जण फ्रेंडली टाकतात, आणि ते फारच साधं वाटतंय म्हणून मग शोधून शोधून अ‍ॅमिकेबल नाहीतर कॉर्डियल आणतात. घोळ इथेच होतो. डिक्शनरीत या सगळ्यांपुढे स्नेहपूर्ण, मैत्रीपूर्ण, सौहार्दपूर्ण असंच काहीतरी दिलेलं असतं त्यामुळे वाटतं की कुठलाही उचला, चालतंय. नाही चालत. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि ती कळायला अर्थ पाठ करून उपयोग नाही, शब्द समोर आला की तीन गोष्टी बघायच्या: हा माणसाबद्दल वापरतात की नात्याबद्दल, यात जिव्हाळा किती, आणि बोलणाऱ्या दोघांत कोणी मोठा कोणी धाकटा असं काही आहे का.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती अ‍ॅमिएबल आणि अ‍ॅमिकेबलमध्ये. दोन्ही मूळच्या एकाच लॅटिन शब्दाचे, मित्र या अर्थाच्या अमिकस वरून आलेल्या, फक्त अ‍ॅमिएबल फ्रेंचमधून फिरून आला आणि अ‍ॅमिकेबल थेट लॅटिनमधून. वापर मात्र पार वेगळा. अ‍ॅमिएबल माणूस असतो, म्हणजे स्वभावाने गोड, सहसा कोणाशी वाजत नाही असा. अ‍ॅमिकेबल तडजोड असते, वाटणी असते, घटस्फोट असतो. भावाभावांनी वडिलांच्या जागेचं प्रकरण कोर्टात न जाता मिटवलं तर ते अ‍ॅमिकेबल सेटलमेंट, आपण ज्याला सामोपचाराने मिटवलं म्हणतो ते. आणि यात एक गोष्ट दडलेली आहे जी डिक्शनरी सांगत नाही, की अ‍ॅमिकेबल म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात येतं की इथे भांडण होऊ शकत होतं. म्हणून 'माझे बायकोशी अ‍ॅमिकेबल संबंध आहेत' असं कोणी लिहिलं तर वाचणारा समजणार की हे वेगळे झालेत. शिवाय म्युच्युअल कन्सेंट आणि अ‍ॅमिकेबल हेही एक नाही. परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय हिंदू विवाह कायद्यात 1976 साली कलम 13-ब घालून झाली, पण तो अर्ज एकमेकांचं तोंडही न बघणारे दोघंसुद्धा करू शकतात, तेव्हा संमती ही कायद्याची गोष्ट आणि अ‍ॅमिकेबल ही वागण्याची.

आता कॉर्डियल. हा हृदय या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय, त्यामुळे वाटतं की अगदी मनापासूनचा असणार, आणि एकेकाळी तसा होताही, पण वापरून वापरून तो औपचारिक झालाय. दोन देशांचे संबंध कॉर्डियल असतात, ब्रिटन आणि फ्रान्सने 1904 मध्ये जुने वाद मिटवून जे करार केले त्यांना आंतांत कॉर्दियाल हेच नाव पडलं. लग्नपत्रिकेवरचं 'यू आर कॉर्डियली इन्व्हायटेड' म्हणजे आपलं 'अगत्याचं निमंत्रण', तिथे तो शब्द अगदी शोभतो. पण घरात जपून. एखादी बाई म्हणाली की माझे आणि सासूबाईंचे रिलेशन्स कॉर्डियल आहेत, तर इंग्रजीत मुरलेला माणूस त्यातून ऐकणार की दोघी एकमेकींशी नीट बोलतात, सणावाराला साडी देतात-घेतात, पण मनातलं काही सांगत नाहीत. तिला जर म्हणायचं असेल की आमचं छान जमतं, तर साधं 'वी आर क्लोज' किंवा 'वी गेट अलाँग रिअली वेल' म्हणावं. आणि जिव्हाळा सांगायचा असेल तर वॉर्म हा छोटासा शब्द कॉर्डियलच्या दहापट काम करतो, माझ्या मते इंग्रजीतला मायेच्या सगळ्यात जवळचा शब्द तोच.

अ‍ॅफेबल आणि जीनियल हे मला फार आवडणारे शब्द आहेत. अ‍ॅफेबलच्या मुळाशी बोलणं आहे, म्हणजे ज्याच्याशी बोलायला दडपण येत नाही असा, आणि म्हणूनच तो जास्त करून मोठ्या माणसाबद्दल येतो. केबिनमध्ये गेल्यावर 'बस रे, काय म्हणतोस' असं विचारणारे साहेब अ‍ॅफेबल. पहिल्या दिवशी कामावर आलेला ट्रेनी साहेबांशी कितीही गोड बोलला तरी त्याला अ‍ॅफेबल सहसा म्हणत नाहीत, तो प्लेझंट किंवा पोलाइट. जीनियल म्हणजे हसतमुख, दिलखुलास, पंगतीत आग्रह करकरून वाढणारे काका असतात ना तसे, आणि हा हवामानालाही लागतो, जीनियल क्लायमेट म्हणजे सुखद हवा. फक्त कंजीनियल म्हणजे जास्त जीनियल असं समजू नका, कंजीनियल म्हणजे आपल्याला मानवणारं, आपल्या प्रकृतीशी जुळणारं काम, जागा किंवा सोबत.

माणसांत रमणाऱ्यासाठी सोशेबल. आपण मराठीत 'ती खूप सोशल आहे' म्हणतो पण इंग्रजीत तिथे सोशेबल हवं. त्याच्याही पुढचा ग्रिगेरियस, कळपावरून आलेला, मेंढ्यांना आणि टोळधाडीतल्या टोळांनाही हाच शब्द लावतात, ज्याला एकटं बसवतच नाही असा माणूस. या दोन्हींत चांगुलपणाची हमी नाही हे लक्षात ठेवा, चार लोकांत रमणारा माणूस मनाने कोरडा असू शकतो. तसंच 'तो खूप फ्रँक आहे' हे आपण मोकळ्या स्वभावाचा या अर्थाने म्हणतो, इंग्रज मात्र त्याचा अर्थ स्पष्टवक्ता, तोंडावर खरं बोलणारा असा घेतो. 'मी त्याच्याशी फ्री आहे' याला 'आय अ‍ॅम कंफर्टेबल विथ हिम' म्हणा.

फ्रेंडलीलाही कमी लेखू नका. टू आणि विथने त्याचा अर्थ बदलतो: फ्रेंडली टू म्हणजे समोरच्याशी चांगलं वागणं, अनोळखी माणसाशीसुद्धा, आणि फ्रेंडली विथ म्हणजे ओळख आहे, येणंजाणं आहे. मैत्री आहे हे सांगायला मात्र 'आय अ‍ॅम फ्रेंड्स विथ हर', एकटा असलात तरी फ्रेंड्सच. शेवटी ली आहे म्हणून तो क्रियाविशेषण होत नाही, 'ही टॉक्ड फ्रेंडली' चुकीचं, 'इन अ फ्रेंडली वे' बरोबर. जोडशब्दांत अजून मजा आहे, यूजर-फ्रेंडली अ‍ॅप आपल्याला मदत करतं पण इको-फ्रेंडली गणपती निसर्गाला मदत करतो असं नाही, त्रास देत नाही एवढंच. आणि निवडणुकीत युतीतले दोन पक्ष एकाच जागेवर उभे राहिले की पेपरात 'मैत्रीपूर्ण लढत' येतं, त्यातलं मैत्रीपूर्ण म्हणजे फ्रेंडली मॅचमधलं फ्रेंडली.

शेवटी जिथे जिव्हाळा जास्त होतो ते शब्द, इथे चूक झाली तर समोरचा दुखावतो म्हणून नीट बघा. फॅमिलियर वस्तूला किंवा चेहऱ्याला लागला तर ओळखीचा, पण कोणी तुमच्याशी ओव्हर-फॅमिलियर झालं म्हणजे सलगी केली, लगट केली. चमी म्हणजे घसट, त्यातही बघणाऱ्याला ती थोडी खटकलेली असते. इंटिमेट तर कलीग किंवा शेजाऱ्याबद्दल वापरूच नका, खास मित्र सांगायचा असला तरी क्लोज फ्रेंडच म्हणा, कारण इंटिमेट रिलेशनशिप म्हटलं की लोक शारीरिक संबंधच समजतात. ऑफिसच्या मेलमध्ये आपण 'काइंडली इंटिमेट' लिहितो ते कळवा या अर्थाचं क्रियापद आहे, त्याचा उच्चार शेवटी 'मेट' असा लांब होतो आणि विशेषणाचा 'मट' असा आखूड. आपल्याकडे ते चालतं, पण बाहेरच्या क्लायंटला मेल लिहिताना तिथे 'प्लीज लेट मी नो' टाका.