फ्लो सायटोमीटरचा स्लॉट घेण्यापूर्वी

नवी मुंबईतील एका संशोधन संस्थेत पीएचडी करताना मी तेथील सामायिक फ्लो सायटोमीटर वापरला आणि पुढे नव्या विद्यार्थ्यांना तो शिकवलाही. या यंत्रात पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. समोर पसरणाऱ्या प्रकाशावरून त्यांच्या आकाराचा, बाजूला फेकल्या जाणाऱ्या प्रकाशावरून आतील कणीदारपणाचा अंदाज येतो आणि अँटिबॉडीला जोडलेला रंग कोणत्या पेशीवर बसला आहे तेही कळते.

स्लॉट ठरवताना कॅलेंडरमधील रिकामी जागा पाहण्याआधी आपल्या पेशी किती वेळ थांबू शकतात, हे पाहावे. जिवंत पेशी रंगवून झाल्या की त्या बर्फावर, अंधारात ठेवून काही तासांतच वाचाव्या लागतात. म्हणून स्लॉटच्या वेळेपासून मागे मोजत बशीला चिकटलेल्या पेशी सोडवणे, धुणे आणि रंगवणे यांचे वेळापत्रक आखावे. याउलट पेशीचक्र, म्हणजे पेशी विभाजनाचे टप्पे, मोजण्यासाठी 70 टक्के इथेनॉलमध्ये स्थिर केलेल्या (मारून टिकवलेल्या) पेशी फ्रीझरमध्ये कित्येक दिवस टिकतात. अशा नमुन्यांसाठी संध्याकाळचा स्लॉट घ्यावा आणि सकाळच्या वेळा जिवंत पेशी आणणाऱ्यांसाठी सोडाव्यात, असे मला मनापासून वाटते. दिवसाचा पहिला स्लॉट आपला असेल, तर लेझर तापायला लागणारा सुमारे अर्धा तास आणि त्यानंतरची ठराविक चमकीच्या सूक्ष्म मण्यांवरची यंत्राची तपासणी हिशेबात धरावी. रविवारी ठाण्याहून किंवा हार्बरने येणाऱ्यांनी मेगाब्लॉकचे वेळापत्रक शनिवारीच पाहावे. येणे जमणार नसेल, तर आदल्या दिवशी स्लॉट रद्द करावा, म्हणजे तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

रक्ताचा किंवा संसर्गजन्य नमुना असल्यास बुकिंग करतानाच ऑपरेटरला तसे सांगणे बंधनकारक समजावे, कारण विशेषतः सॉर्टिंगमध्ये, म्हणजे हवा तो पेशींचा गट वेगळा काढताना, सूक्ष्म थेंब हवेत उडू शकतात.

कंट्रोलशिवाय, म्हणजे तुलनेसाठीच्या नमुन्यांशिवाय, येऊ नये. 488 नॅनोमीटरच्या निळ्या लेझरने एफआयटीसी आणि पीई हे दोन्ही रंग उजळतात आणि एफआयटीसीचा काही प्रकाश पीईच्या शोधकातही शिरतो. त्यामुळे फक्त दोन रंगांच्या प्रयोगालाही न रंगवलेला एक नमुना आणि प्रत्येक रंगाचा स्वतंत्र नमुना लागतो. नमुना 40 मायक्रॉनच्या जाळीतून गाळूनच नळीत घ्यावा. गुठळीने यंत्र तुंबते, हा एक तोटा झाला. त्याहून फसवा तोटा असा, की पेशीचक्रात जी-वन अवस्थेतील (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या) दोन चिकटलेल्या पेशींचा डीएनए एकत्र मोजला जातो आणि आलेखात ती जोडी जी-टू अवस्थेतील (डीएनए दुप्पट झालेली) एकच पेशी म्हणून उभी राहते. अशा जोड्या संकेताचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या आलेखावर वगळता येतात, पण गाळणे टळत नाही.

सर्वांत जास्त काळजी धुण्याची घ्यावी. प्रोपिडियम आयोडाइड हा डीएनएवर बसणारा लाल रंग नळ्यांना चिकटून राहतो आणि पुढच्या माणसाच्या न रंगवलेल्या पेशीही लाल दिसू लागतात. काम संपल्यावर आधी 10 टक्के ब्लीच आणि मग डिस्टिल्ड पाणी, प्रत्येकी काही मिनिटे चालवावे. ब्लीचचा अंश उरल्यास पुढच्याच्या जिवंत पेशी मरतात. शेवटी स्वच्छ पाण्याची नळी लावून पडद्याकडे पाहावे. ठिपके (प्रत्येक ठिपका म्हणजे यंत्राने टिपलेला एक कण) भराभर पडतच असतील, तर पुन्हा धुवावे, आणि हा वेळ आपल्याच स्लॉटमधला धरावा. एफसीएस फायली, म्हणजे यंत्राने नोंदवलेली माहिती, त्याच दिवशी सर्व्हरवर हलवाव्यात.

सॉर्टिंगचा स्लॉट मागताना लेखी हिशेब सोबत न्यावा. सेकंदाला 5,000 पेशी या वेगाने 1 कोटी पेशी जायला सुमारे 33 मिनिटे लागतात आणि हवा असलेला गट 1 टक्का असेल, तर हाती फार तर 1 लाख पेशी येतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच. मोठ्या पेशींसाठी 100 मायक्रॉनचे नोझल (पेशींची धार बाहेर पडते ते तोंड) लावले, की दाब आणि वेग दोन्ही कमी ठेवावे लागतात, तेव्हा त्या प्रमाणात लांब स्लॉट मागावा.