जुनी ओबीएमची जोडी, कॅटामरान बोट आणि पंख्याची निवड

कॅटामरानवर (शेजारी-शेजारी दोन हल म्हणजे सांगाडे असलेली बोट) जुनी दोन ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून बसवायची आउटबोर्ड मशीन) बसवायची ठरली की बहुतेक जण आधी पंखे (प्रोपेलर) शोधायला निघतात. पंखा सगळ्यात शेवटी घ्यायचा. मालवण किंवा हर्णैला हातात येणाऱ्या जोडीत दोन्ही मशीनचा हॉर्सपॉवर सारखा, पण एकाचा लेग (पाण्यात राहणारा, गिअर आणि पंखा असलेला खालचा भाग) कधीतरी बदललेला आणि म्हणून गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) वेगळा, असं निघू शकतं. तिथे एकाच मापाचे पंखे लावून काही उपयोग नाही.

रेशो घरीच काढता येतो. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढा, स्पार्क प्लग काढा, पुढचा गिअर टाका आणि फ्लायव्हील (इंजिनाच्या वरचं चाक) हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवा. पंख्याच्या शाफ्टवर खूण करून १० फेरे मोजा. तेवढ्यात फ्लायव्हीलचे २० फेरे झाले तर रेशो २.००, साडेअठरा झाले तर १.८५. प्लग निघालेच आहेत तर कॉम्प्रेशनही (सिलिंडरातला दाब) बघा. सिलिंडरांमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी इंजिनाचं काम करा.

जुन्या जोडीत बहुधा दोन्ही पंखे उजवीकडेच फिरणारे मिळतात. कॅटवर (कॅटामरानवर) दोन मशीनमधलं अंतर जास्त असल्याने ते चालून जातं. सुकाणूवर ओढ आली तर ट्रिम टॅब (पंख्याच्या वरची छोटी पट्टी) जरा वळवायचा. मात्र उजवीकडे फिरणाऱ्या लेगवर डावीकडे फिरणारा पंखा लावून रिव्हर्स गिअरमध्ये बोट पळवायचा ‘जुगाड’ करू नका. लेगमधली बेअरिंग त्या दिशेच्या सततच्या जोरासाठी बनवलेली नसतात.

आता पिच. पिच म्हणजे पाण्यात अजिबात न घसरता पंखा एका फेऱ्यात जेवढे इंच पुढे जाईल तेवढं अंतर. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) गुणिले पिच, भागिले रेशो, भागिले १२१५ केलं की वेग नॉटमध्ये मिळतो. प्रत्यक्षात पंखा घसरतो. सुरुवातीला घसर १५ टक्के धरा. रेशो २.००, आरपीएम ५५०० आणि अपेक्षित वेग २४ नॉट असेल तर पिच साडेबाराच्या आसपास येते. माणसं आणि सामान वाहणारी बोट असेल तर १३ सोडून १२ घ्या. पहिली जोडी अॅल्युमिनियमची, तीन पात्यांची आणि शक्यतो उसनी असावी, कारण ती बदलावी लागणारच.

चाचणी रिकाम्या बोटीवर घेऊ नका. कॅटचे हल अरुंद, त्यामुळे वजन वाढलं की ती लगेच खाली बसते. स्कुबाच्या भरलेल्या १२ टाक्या म्हणजे सुमारे २०० किलो, १०० लिटर पेट्रोल म्हणजे ७४ किलो. नेहमीचा भार चढवा, भरती-सुकतीच्या मधल्या शांत वेळेला खाडीत एकदा आत आणि एकदा बाहेर पूर्ण थ्रॉटलवर पळवा आणि जीपीएसच्या दोन वेगांची सरासरी घ्या. त्याआधी दोन्ही केबल थ्रॉटल पूर्ण उघडतात का आणि टॅकोमीटरच्या (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरच्या) मागचा स्विच त्या मशीनसाठी योग्य आकड्यावर आहे का, ते बघा. जुन्या मीटरमध्ये ही चूक फार आढळते.

मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची आरपीएम मर्यादा दिलेली असते. फोर-स्ट्रोकवर ती बऱ्याचदा ५००० ते ६०००. भारासहित आकडा मधल्या भागाच्या थोडा वर यावा. कमी आला तर पिच उतरवा. एका इंचाला १५० ते २०० आरपीएम वाढतात. कमी आरपीएमवर रेटत राहिलं की पिस्टन तापतात आणि कार्बन धरतो.

आकडा जास्त आला की नवखे लगेच पिच वाढवतात. कॅटवर तिथेच फसगत होते. समजा १३ पिचवर ५७०० आरपीएम मिळाले, पण वेग २२ नॉटच. हिशेबाने साडेतीस यायला हवा होता, म्हणजे घसर जवळजवळ २८ टक्के. दोन हलांमधल्या बोगद्यातून फेसाळलेलं पाणी पंख्यावर येतंय आणि पंखा हवेत फिरतोय. मशीन २०-२५ मिलिमीटर खाली घ्या. तरी सुटलं नाही तर चार पात्यांचा, कड वळवलेला पंखा लावा. हबचं (पंख्याच्या मधल्या भागाचं) रबरही सुटलेलं असू शकतं: हबच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची रेघ ओढा, फेरी मारून या. रेघ तुटली तर पंखा गेला.

एक मशीन मागे पडत असेल तर दोन्ही पंख्यांची अदलाबदल करा. दोष पंख्याबरोबर गेला तर पात वाकलेली आहे, जागीच राहिला तर मशीन, लेग किंवा उंची तपासा.

स्टेनलेसचा पंखा दिसायला छान आणि चालीला बरा, पण मालवणजवळच्या देवबागसारख्या वाळू सरकणाऱ्या खाडीमुखाशी किंवा खडपांजवळ आमचं मत अॅल्युमिनियमलाच. पात वाकते, लेग वाचतो. बसवताना शाफ्टला मरीन ग्रीस, मग थ्रस्ट वॉशर, पंखा, वॉशर, नट आणि नवी स्प्लिट पिन. जुन्या मशीनमध्ये थ्रस्ट वॉशर हरवलेला असतो. त्याच्याशिवाय पंखा लेगला घासतो. जाळं किंवा नायलॉनची दोरी अडकली तर पंखा काढून शाफ्ट साफ करा. सीलमध्ये धागा गेला की गिअर ऑइल दुधाळ होतं.

एक मशीन बंद पडलं तर दुसरं एकटं बोट प्लेनवर (पाण्यावर उचलून वेगाने धावण्याच्या स्थितीत) आणणार नाही. २५००-३००० आरपीएमवर सावकाश या, थ्रॉटल रेटू नका. बोटीत एक जादा पंखा, थ्रस्ट वॉशर, नट, पिना आणि योग्य मापाचा पाना हवाच.