डिस्क ‘दिसत नाही’, पण नेमकी कुणाला?

सर्व्हरच्या देखभालीच्या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एक सवय लावते. ‘लिनक्सला डिस्क दिसत नाही’ असं कुणी सांगितलं, की विचारायचं: कुणाला दिसत नाही? बायोसला, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला), इन्स्टॉलरला, एलव्हीएमला (डिस्क एकत्र करून त्यांचे भाग पाडणाऱ्या व्यवस्थेला) की माउंटला (फाइलसिस्टिम जोडणाऱ्या कमांडला)? हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. आमच्या क्षेत्रात चांगल्या स्थितीतली कार्डं भंगारात जातात आणि वाचवता आला असता असा डेटा पुसला जातो, तो बहुतेक वेळा हा प्रश्न न विचारल्यामुळे.

माझं काम पुण्यात आणि आसपास एएमसीवरच्या, म्हणजे वार्षिक देखभाल करारावरच्या, यंत्रांचं. महाविद्यालयं, पतसंस्था, छापखाने, लहान रुग्णालयं. तिथे दहा-पंधरा वर्षांचे सर्व्हर सर्रास चालतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पंखे, पॉवर सप्लाय आणि डिस्क वेळेवर बदलल्या तर हे सर्व्हर टिकतात. अडचण येते ती बहुधा ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अलीकडचंच. सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ ला संपला. वर्षानुवर्षं निमूट चाललेल्या यंत्रांवर नवी आवृत्ती चढवायची वेळ आली. पॉवरएज आर७१० सारखा २००९ च्या पिढीतला सर्व्हर घ्या, आत पर्क ६/आय हे रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्क जोडून त्यांची एक व्हर्च्युअल डिस्क करणारं. सेंटओएस ७ त्यावर सुरळीत चालू असतं. आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ८ किंवा ९ च्या घराण्यातलं इन्स्टॉलर लावलं, की डिस्क निवडायच्या पानावर काहीच नाही. कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये शिरलात तर व्हर्च्युअल डिस्क तिथे धडधाकट आहे. इथे नवखा माणूस हमखास म्हणतो, ‘कार्ड गेलं.’

कार्ड गेलेलं नसतं. इन्स्टॉलर चालू असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून शेल उघडा आणि ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ लावून द्या. कार्डाचं नाव दिसेल, त्यापुढे चौकटी कंसात १०००:००६० असा क्रमांक दिसेल. आता त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ शोधा. ती नाही. निदान इथेच झालं: बसला (कार्ड जिच्यावर बसतात त्या पीसीआय वाहिनीला) कार्ड दिसतंय, पण त्याची जबाबदारी घेणारा ड्रायव्हर कुणी नाही.

असं का होतं हे नीट समजून घ्या, कारण पुढची अर्धी नोकरी याच ज्ञानावर चालते. प्रत्येक पीसीआय कार्ड स्वतःची ओळख दोन आकड्यांत सांगतं: बनवणाऱ्याचा क्रमांक आणि चिपचा क्रमांक. १००० हा एलएसआयचा, ००६० ही त्यांची सॅस १०७८ चिप. डेल कार्डावर स्वतःचं नाव छापतं, पण आतली चिप एलएसआयची. म्हणून शोध घेताना कार्डाच्या नावापेक्षा हा क्रमांक महत्त्वाचा. कर्नलमधल्या प्रत्येक ड्रायव्हरकडे आपण कोणते क्रमांक सांभाळतो याची यादी असते. कार्ड सापडलं की त्याची ओळख ‘मोडअलायस’ या रूपात यूडेव्ह या उपकरणं सांभाळणाऱ्या सेवेकडे जाते, या याद्यांशी ताडली जाते आणि जुळणारा ड्रायव्हर लोड होतो. यादीत तुमचा क्रमांक नसेल तर ड्रायव्हरची फाइल डिस्कवर असूनही तो हलत नाही आणि बहुतेक वेळा त्रुटीचा संदेशही येत नाही. ‘मॉडइन्फो’ला ‘-एफ अलायस’ सांगून ड्रायव्हरचं नाव दिलं, की ही यादी डोळ्यांनी पाहता येते.

रेड हॅटने २०१९ मध्ये आरएचईएल ८ आणताना अनेक जुने क्रमांक या याद्यांतून काढून टाकले. ‘मेगारेड_सॅस’मधून सॅस १०७८ गेली. ‘एमपीटी३सॅस’मधून १०००:००७२ गेली, म्हणजे सॅस २००८, जिच्यावर एके काळची असंख्य एचबीए (डिस्क नुसत्या जोडून देणारी) कार्डं उभी आहेत. हे गुपचूप झालं नाही, काढलेल्या क्रमांकांची यादी त्यांच्या कागदपत्रांत छापलेली आहे. मूळ, म्हणजे रेड हॅटने न बदललेल्या, कर्नलमध्ये मात्र हा आधार राहिला. म्हणून त्याच यंत्राला डेबियन लाइव्ह (न बसवता थेट चालणाऱ्या लिनक्सचा) पेनड्राइव्ह लावला की डिस्क लगेच समोर येते.

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी आहे आणि कुठलंही कार्ड बदलायची मागणी लिहिण्याआधी ती करायचीच. डेबियनला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही, म्हणजे हार्डवेअर शाबूत. दोघांनाही दिसत नाही, तर स्क्रूड्रायव्हर काढा.

मग उपाय काय? एलरेपो हा स्वयंसेवकांचा प्रकल्प काढून टाकलेल्या क्रमांकांसाठी ड्रायव्हर बांधून देतो आणि इन्स्टॉलरला लावायची ड्रायव्हर डिस्कही देतो. त्या पेनड्राइव्हचं लेबल ओईएमडीआरव्ही ठेवलं तर इन्स्टॉलर तो आपणहून उचलतो, नाहीतर बूटच्या ओळीत ‘इन्स्ट.डीडी’ लिहायचं. दुसरा रस्ता अल्मालिनक्सचा, म्हणजे आरएचईएल घराण्यातल्याच मोफत लिनक्सचा. मे २०२४ मधल्या ९.४ आवृत्तीपासून त्यांनी बरेच जुने क्रमांक परत आणले, त्यात हे दोन्ही ड्रायव्हर आहेत. तुमच्या कार्डाचा नेमका क्रमांक त्यांच्या यादीत आहे ना, एवढं पाहून घ्या. तिसरा रस्ता थेट डेबियनचा.

माझं मत विचाराल तर, सॉफ्टवेअर विकणाऱ्याने आरएचईएल घराण्याची अट घातली नसेल तर जुन्या यंत्राला डेबियन. अट असेल तर अल्मा. ड्रायव्हर डिस्क मी शेवटी ठेवते, कारण तिचा खरा त्रास त्या दिवशी होत नाही. काही महिन्यांनी ८.८ वरून ८.९ असं अद्यतन येतं, कर्नल बदलतो, बाहेरून बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळत नाही आणि रात्री रीबूट झालेला सर्व्हर ड्रॅकटच्या (बूटचा पहिला टप्पा बांधणाऱ्या साधनाच्या) आपत्कालीन शेलमध्ये येऊन थांबतो. ड्रायव्हर डिस्क वापरलीच असेल, तर अद्यतनानंतर रीबूट करण्याआधी ‘एलएसइनिटआरडी’ने नव्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांच्या गठ्ठ्यात) आपला ड्रायव्हर आहे का हे पाहा. तसंच जुना कर्नल ग्रबच्या, म्हणजे बूट मेनूच्या, यादीतून काढू नका.

इनिटरॅमएफएस एरवीही लक्षात ठेवा. ड्रॅकट बहुधा फक्त ज्या यंत्रावर चालला त्याच्याच गरजेचे ड्रायव्हर त्यात भरतो. एका सर्व्हरची डिस्क काढून दुसऱ्या, वेगळं कार्ड असलेल्या सर्व्हरमध्ये लावली, की रूट फाइलसिस्टिम सापडत नाही. डिस्क, कार्ड, ड्रायव्हर सगळं ठीक असतं, फक्त बूटच्या पहिल्या टप्प्यात तो ड्रायव्हर हाताशी नसतो. रेस्क्यू मोडमध्ये चढून ‘ड्रॅकट -एफ’ला ‘--अ‍ॅड-ड्रायव्हर्स’ जोडून द्यायचं. डेबियनमध्ये ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’.

आता खाली, तारांच्या पातळीवर उतरू. इथे ‘डीमेसेज’ (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) वाचता आलं पाहिजे, आणि वाचणं म्हणजे लाल अक्षरं शोधणं नव्हे. ‘साटा लिंक डाउन, एसस्टेटस ०’ म्हणजे त्या पोर्टवर पलीकडे कुणी आहे असंच जाणवलेलं नाही. केबल, पॉवर किंवा ट्रे नीट न बसणं, असा हिशेब. ‘कॉमरीसेट फेल्ड’ आणि नंतर ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड’ असं आलं तर पलीकडे कुणीतरी आहे, पण वेगावर एकमत होत नाहीये. व्हियाच्या व्हीटी८२३७ चिपचे जुने मदरबोर्ड ३ गिगाबिटच्या डिस्कशी असे अडायचे. त्या काळच्या अनेक डिस्कवर १.५ गिगाबिटला बांधणारा जंपर असतो, तो लावला की काम होतं. जंपर नसेल आणि निदान कर्नलपर्यंत गोष्ट पोचत असेल, तर बूटच्या ओळीत ‘लिबएटीए.फोर्स=१.५जी’ देऊन पाहा.

सेकंडहँड सॅस (सर्व्हरमधल्या जोडणीच्या प्रकारच्या) डिस्कचा एक प्रकार तुम्हाला नक्की भेटेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेली डिस्क ‘एलएसएससीएसआय’ला (जोडलेली उपकरणं दाखवणाऱ्या कमांडला) दिसते, ‘एलएसबीएलके’मध्ये (डिस्क आणि विभाजनांच्या यादीत) आकार शून्य. डीमेसेजमध्ये ओळ असते: ‘अनसपोर्टेड सेक्टर साइझ ५२०’. ही डिस्क कुठल्यातरी मोठ्या स्टोरेज अ‍ॅरेमधून आलेली आहे. तिथे ५१२ बाइटच्या प्रत्येक सेक्टरसोबत तपासणीसाठी ८ बाइट जास्त ठेवले जातात. लिनक्सला असा आकार चालत नाही. एसजी३_यूटिल्स या पॅकेजातलं ‘एसजी_फॉरमॅट’ ‘--फॉरमॅट --साइझ=५१२’ देऊन चालवा. मोठ्या डिस्कला काही तास लागतात आणि तेवढ्या वेळात वीज जाता कामा नये, म्हणून यूपीएसवरच करा. डिस्कवरचं सगळं जातं, हे सांगायला नको.

कधी उलटं होतं. डिस्क दिसते, पण आपल्याला ओळखता येत नाही, कारण तिचं नाव बदललेलं असतं. एचपीच्या जुन्या स्मार्ट अ‍ॅरे कार्डांचा ‘सीसिस’ हा ड्रायव्हर नोव्हेंबर २०१७ मध्ये, कर्नल ४.१४ मध्ये निघाला आणि ती कार्डं ‘एचपीएसए’कडे गेली. त्यामुळे ‘/डेव्ह/सीसिस/सी०डी०’ शोधत बसलात तर काही मिळणार नाही, ती आता ‘एसडीए’ आहे. जुना आयडीई ड्रायव्हरसंच २०२१ मध्ये ५.१४ मध्ये गेला, ‘एचडीए’ हे नाव तर त्याच्या कितीतरी आधीच व्यवहारातून गेलं होतं. एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय जोडायचं याच्या यादीत) अशी नावं सापडली की ‘बीएलकेआयडी’ चालवून यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा.

आरएचईएल ९ वर एलव्हीएमची एक नवी गोष्ट भल्याभल्यांना थांबवते. तिथे ‘/ईटीसी/एलव्हीएम/डिव्हायसेस/सिस्टिम.डिव्हायसेस’ या फाइलमध्ये नोंद असलेल्याच डिस्क एलव्हीएम पाहतो. जुन्या सर्व्हरची डिस्क जोडली, ‘एलएसबीएलके’ला दिसली, पण ‘पीव्हीएस’ (एलव्हीएमच्या डिस्क दाखवणारी कमांड) गप्प. डेटा गेलेला नाही. ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस’ने त्या व्हॉल्यूम ग्रुपची नोंद करायची. आणि फारच जुनी सुसे लिनक्स असेल तर विभाजन रायझरएफएसचं निघू शकतं. ती फाइलसिस्टिम जानेवारी २०२५ मध्ये कर्नल ६.१३ मधून काढली गेली, म्हणून वाचण्यासाठी त्याआधीच्या कर्नलची लाइव्ह प्रतिमा जपून ठेवा.

ज्या डिस्कवर कुणाचा तरी डेटा आहे, तिच्याशी वागण्याचे नियम वेगळे आणि इथे मी कुणालाच सवलत देत नाही. पतसंस्थेची खातेवही किंवा रुग्णालयाच्या नोंदी परत लिहून काढता येत नाहीत. रेड कार्ड बदललं आणि नव्या कार्डाने ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असं दाखवलं, तर ‘क्लिअर’ला हात लावायचा नाही. पर्याय ‘इम्पोर्ट’चा आहे, तोही सगळ्या डिस्क जागेवर आहेत हे मोजून. डिस्क क्षीण वाटत असेल तर आधी ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवर करा. माउंट करताना नुसतं ‘आरओ’ पुरत नाही. एक्स्ट३, एक्स्ट४ आणि एक्सएफएस या फाइलसिस्टिम वाचनापुरत्या जोडल्या तरी अर्धवट जर्नल (बदलांची नोंदवही) पूर्ण करायला डिस्कवर लिहू शकतात. एक्स्टला सोबत ‘नोलोड’ द्या, एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’. ‘एफएससीके’ मूळ डिस्कवर कधीच नाही.

मुलाखतीत मी उमेदवाराला कमांडची नावं विचारत नाही, ती मिळतात. मी एलएसपीसीआय आणि डीमेसेजचा छापील कागद समोर ठेवते आणि विचारते, गाडी कुठे अडली आहे? जो ‘बसला कार्ड दिसतंय, ड्रायव्हर नाही’ एवढं म्हणतो, त्याला बाकीचं शिकवता येतं. कॉलवरून आल्यावर नोंद लिहिण्याची शिस्तही तेवढीच मोलाची. तीत कार्डाचा क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, कर्नलची आवृत्ती आणि डीमेसेजमधली नेमकी ओळ हवी. ‘ड्रायव्हर टाकला, चालू झालं’ अशी नोंद पुढच्या माणसाच्या उपयोगाची नाही.

सरावाला जुना सर्व्हर घरी आणायची गरज नाही. डेबियन किंवा उबुंटूवरच्या क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेगासॅस’ नावाचं आभासी कार्ड आहे आणि ते हुबेहूब सॅस १०७८ असल्याचं सांगतं, क्रमांक तोच, १०००:००६०. त्याला एक रिकामी आभासी डिस्क जोडा आणि रॉकी लिनक्स ८ चं (आरएचईएल घराण्यातलंच) इन्स्टॉलर चालू करा. डिस्कचं पान रिकामं येईल. शेल उघडा, एलएसपीसीआय चालवा, नसलेली ओळ शोधा. मग त्याच आभासी यंत्राला डेबियनची प्रतिमा लावून तीच कमांड द्या. ते झालं की एलरेपोची ड्रायव्हर डिस्क जोडून रॉकीचं इन्स्टॉलेशन पूर्ण करा, कर्नल अद्ययावत करा आणि रीबूट करण्याआधी एलएसइनिटआरडीमध्ये ‘मेगारेड_सॅस’ आहे का ते पाहा.