टाइप १ मधुमेहाच्या मुलांच्या आईबापांचा गट कसा बसवावा

पहिल्या बैठकीला डॉक्टरांना बोलावू नका. हे आधी सांगते, कारण सगळे नेमकं तिथूनच सुरुवात करतात. डॉक्टर समोर असले की पालक ओपीडीत बसल्यासारखे बसतात, डोस विचारतात, माना डोलावतात आणि उठून जातात. डॉक्टरांना दोन-तीन बैठका झाल्यावर बोलवा, आणि तेही सगळ्यांचे प्रश्न आधी कागदावर लिहून घेऊन.

मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या मुलीला तिसरीत असताना टाइप १ मधुमेह निघाला. आमच्याकडे वैराग, भूम, परांड्याकडूनही घरं येतात. चाळिशीनंतर शुगर निघालेल्यांना या गटात घेऊ नका, त्यांचा वेगळा करा. त्यांचा आजार वेगळा, बोलणं वेगळं. आणि कुणी पायाच्या जखमेची गोष्ट सुरू केली की महिन्यापूर्वी मुलाचं निदान झालेल्या आईचे हातपाय गळतात.

जागा दवाखान्यात नको. रविवारी शाळेचा वर्ग मिळतो, तो पुरतो. वेळ एसटी बघून ठरवा, पण मधे जेवण येईलच अशी ठरवा आणि डबे आणायला सांगा. हा माझा सगळ्यात मोठा आग्रह. जेवणाआधी पोरं एका सतरंजीवर बसून बोट टोचतात, मीटरच्या पट्टीला रक्ताचा थेंब लावतात, शुगरचा आकडा बघतात, पेनासारखी सुई काढून इन्सुलिन घेतात. शाळेच्या बाथरूममध्ये लपून सुई घेणाऱ्या मुलाला दुसरी पोरं गप्पा मारत सुई घेताना दिसतात. याला भाषणाची गरज नाही, आणि भाषणाने हे होतही नाही.

टेबलावर ग्लुकोमीटर (शुगर तपासायचं मीटर), साखरेचा डबा आणि पाणी ठेवा. शुगर ७० च्या खाली गेली की मोठ्या मुलाला तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, लहानग्याला त्याहून कमी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. हे आज्यांनाही तोंडपाठ करून घ्या, दिवसभर मूल त्यांच्याजवळ असतं.

बोलणं कसं सुरू करायचं? 'तुम्हाला कसं वाटतं' असं विचारलं तर कुणी उत्तर देत नाही. मी विचारते, 'निदान झालं तेव्हा घरी कोण काय म्हणालं?' मग थांबत नाहीत. सासू म्हणाली, तूच गोडाची सवय लावलीस. जाऊ म्हणाली, पोटुशी असताना आंबे खाल्लेस ना. दीर म्हणाला, पोरगी आहे, कुठे सांगू नका. सगळं बाहेर येऊ द्या, मधे अडवू नका. ते ओसरल्यावरच शांतपणे सांगा, की टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. ते गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या खाण्याने होत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य सासऱ्यांच्या समोर म्हटलं गेलं तर सुनेच्या दहा रात्रींची झोप परत येते. म्हणून आजी-आजोबांना आग्रहाने आणा.

बाप लोक दाराबाहेर गाडीपाशी उभे राहतात. त्यांना 'आत या, मन मोकळं करा' म्हणू नका. काम द्या. पट्ट्या कुठे स्वस्त मिळतात, जिल्हा रुग्णालयात इन्सुलिन आलंय का, बिनफ्रिजच्या घरी मडक्यात ते गार कसं ठेवायचं. कामाचं बोलता बोलता एखादा सांगतो, की रात्री पोराची शुगर उतरेल या भीतीने तो दोनला गजर लावून उठतो.

जडीबुटीवाल्याचा विषय निघणारच. नियम दोनच: इन्सुलिन बंद करायचं नाही, आणि गटात कुणी कुणाला डोस सांगायचा नाही. १९२२ च्या जानेवारीत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं जगत नव्हती. ते बंद केलं की काही दिवसांत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, आणि मग आयसीयू. पण ज्याने चूर्ण दिलंय त्याला चारचौघांत झापू नका. तो पुढच्या वेळी तेच करील, फक्त सांगणार नाही.

आकड्यांवर बोलताना 'चांगली शुगर', 'वाईट शुगर' म्हणायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. २८० आली की पोराच्या तोंडाकडे बघून 'काय खाल्लंस?' हा पहिला प्रश्न नको. सर्दी-ताप, परीक्षेचा ताण, वयात येणं, यानेही शुगर चढते. प्रत्येक आकड्यावर चौकशी बसली तर पोरगं वहीत खोटे आकडे लिहायला शिकतं. मीटरची मेमरी आणि वही जुळत नसेल तर आधी आपली जीभ तपासा. 'बरं, आता काय करायचं?' एवढं पुरे.

बारा-तेराच्या पुढची मुलं वेगळ्या खोलीत बसवा, त्यांच्याबरोबर टाइप १ असलेला कॉलेजातला किंवा नोकरी करणारा कुणी द्या, आणि आयांनी तिकडे फिरकू नये. मुलींकडे लक्ष असू द्या: वजन उतरतंय, तीन महिन्यांची सरासरी शुगर चढतेय, सारखं ॲडमिट करावं लागतंय, तर बारीक होण्यासाठी ती इन्सुलिन चुकवत असेल. लग्नाचं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: लपवून जमवू नका. लपवलेली सुई सासरी पहिल्या आठवड्यात सापडते.

शाळेसाठी मुख्याध्यापकांना एक पानाचं पत्र द्या: शुगर उतरली की काय दिसतं, काय द्यायचं, कुणाला फोन. सोबत राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाचं २०२३ चं पत्र जोडा; वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधेच खाऊ द्या, असं त्यात आहे. सीबीएसईने तर २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेतही खाऊ नेऊ दिलाय. आम्हा मास्तर लोकांना कागद दाखवला की आम्ही लगेच ऐकतो.

गट सगळ्याला पुरत नाही. दोन आठवडे मूल खेळत नाही, बोलत नाही, झोप-भूक बिघडलीय, किंवा आईच सकाळी उठणं होत नाही म्हणते, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. कुणी 'मरून जावं वाटतं' म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, इन्सुलिनचे पेन मोठ्या माणसाच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

व्हॉट्सॲप ग्रुप तारीख कळवण्यापुरता ठेवा. आणि दिवाळीच्या महिन्यातली बैठक रद्द करू नका. फराळाचं काय करायचं हे सगळ्यांना तेव्हाच विचारायचं असतं.