दादरला उतरून अंधेरीला जायचंय? असं जा

गावाहून आलेली गाडी सकाळी दादरला सोडते आणि काम असतं अंधेरीला. बाहेर रिक्षा शोधत बसू नका. वांद्रे-शीवच्या दक्षिणेला रिक्षा येतच नाही. टॅक्सी मिळेल, पण लोकल स्वस्त.

आधी लाइन ठरवा. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे आहेत, अंधेरी पश्चिमेवर. पुलावरून प्लॅटफॉर्म 1 ते 7 कडे या. 8 ते 14 मध्य रेल्वेचे. हे नंबर डिसेंबर 2023 मध्ये बदलले, म्हणून काकांनी सांगितलेला जुना नंबर धरून चालू नका.

तिकीट एटीव्हीएम मशीनवर काढा. सेकंड क्लासच्या तिकिटावर फर्स्ट क्लास किंवा एसी लोकलमध्ये शिरलात, तर भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड.

इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन, धिमी की जलद आणि किती मिनिटांत, एवढं बघा. अंधेरी किंवा बोरिवली स्लो पकडा. फास्टने वेळ वाचतो, पण पहिल्या दिवशी तो वाचवू नका. संध्याकाळच्या विरार फास्टच्या तर वाटेलाही जाऊ नका. विरारकर तुम्हाला मध्येच उतरू देतील याची खात्री नाही!

चढायला काही लागत नाही, गर्दीच चढवते. खरी कसोटी उतरताना. बॅग पाठीवरून काढून पोटाशी घ्या. सांताक्रूझ गेलं की दाराकडे सरका आणि पुढच्याला विचारा, "अंधेरी उतरणार?" तो "हो" म्हणाला तर त्याच्या मागे गप्प उभे राहा. "नाही" म्हणाला तर "जरा पुढे जाऊ द्या" म्हणत जागा बदलून घ्या. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार, तेही तिथेच विचारा. मी पहिल्यांदा उलट्या दाराशी उभा राहिलो आणि जोगेश्वरीला उतरून परत आलो. चालत्या गाडीतून उड्या मारणारे दिसतील, त्यांचं बघून तसं करू नका.

उतरल्यावर पत्ता पूर्वेचा की पश्चिमेचा ते बघूनच पूल निवडा. चुकलात तर पुन्हा जिने. घाटकोपर किंवा वर्सोव्याकडे जायचं तर स्टेशनला लागूनच मेट्रो आहे. जवळ जायचं तर रिक्षा, मीटरनेच: फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये. शेअर रिक्षाची रांग वेगळी असते, तिथे आधी भाडं विचारून घ्या. आणि रविवारी निघणार असाल, तर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद) कुठे आहे ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.