जॉबवर्कवाल्यासोबत एकच स्टॉक शीट कशी चालवायची

जॉबवर्कवाल्याकडे, म्हणजे आपल्या मालावर बाहेर काम करून देणाऱ्याकडे, मटेरियल प्लेटिंगला (धातूचा मुलामा चढवायला) पाठवलं की महिनाअखेरीस वाद ठरलेला, आपण म्हणतो ५००० नग पाठवलेत, तो म्हणतो माझ्याकडे ११६ किलोच आले. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण आपला स्टोअरवाला नग मोजतो आणि प्लेटिंगवाला वजन करून बॅरलमध्ये टाकतो. म्हणून पहिलं काम कॉम्प्युटरवर नाहीच, काट्यावर आहे. १०० नगांचं वजन दोघांसमोर करा, प्लेटिंगच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं, आणि तो आकडा पार्टच्या कोडपुढे लिहून ठेवा. कोड आपला ड्रॉइंग नंबरच असू दे, पण त्याची पोरं ज्याला 'छोटा ब्रॅकेट' म्हणतात ते नावही शेजारच्या कॉलममध्ये ठेवा, नाहीतर शीट कोणी बघणारच नाही.

आता गुगल शीट. चलन नंबर, तारीख, कोड, पाठवलेले नग आणि वजन हे आपण भरायचं, मिळालेलं वजन, परत पाठवलेलं आणि रिजेक्शन त्याने. एका कॉलमचा मालक एकच, बाकीच्यांना तो लॉक करा, त्यासाठी प्रोटेक्ट रेंज आहे. रिजेक्शनचे मात्र दोन कॉलम हवेतच: आपल्याकडूनच क्रॅक गेलेला माल वेगळा आणि प्लेटिंगला फोड आलेला वेगळा, कारण पैसे कोणाचे कापायचे ते इथेच ठरतं. रेट या शीटमध्ये अजिबात टाकू नका, आणि 'लिंक असलेला कोणीही' हा ऑप्शन तर विसराच, मेल आयडीवरच ॲक्सेस द्या आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी काढा.

एक कॉलम 'किती दिवस झाले' असा ठेवा. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला गेलेला कच्चा माल १ वर्षात परत यायला हवा किंवा तिथूनच विकला जायला हवा, नाहीतर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरतात आणि टॅक्स व्याजासकट अंगावर येतो. आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कला गेलेल्या आणि परत आलेल्या मालाचा जीएसटी फॉर्म, भरतानाही हीच शीट कामाला येते (मागच्या वर्षीची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वार्षिक). पण शीट आहे म्हणून डिलिव्हरी चलन बंद करू नका, गाडीसोबत कागद लागतोच.

चूक सापडली तर जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवीन ओळ टाकून शेऱ्यात कारण लिहायचं. आणि पहिले दोन महिने दोघांचीही जुनी रजिस्टरं चालूच राहू द्या, दर शनिवारी शिल्लक जुळवून बघा.