क्षेत्रभेटीत गावाचा सांस्कृतिक भूगोल कसा वाचावा

क्षेत्रभेटीच्या अहवालात बहुतेक विद्यार्थी लोकसंख्या, पिके आणि पर्जन्यमान यांचे तक्ते काळजीपूर्वक भरतात आणि गावाची संस्कृती मात्र सण-उत्सवांच्या एका परिच्छेदात आटोपतात. सांस्कृतिक भूगोलाच्या संकल्पना गावात पायी फिरताना उघड्या डोळ्यांना दिसतात. त्यामुळे गावठाणाचा नकाशा आणि वही घेऊन सकाळीच निघावे.

पहिली संकल्पना सांस्कृतिक भूदृश्याची. निसर्ग हे माध्यम, संस्कृती ही घडवणारी शक्ती आणि भूदृश्य हे त्यातून साकारलेले रूप, अशी मांडणी कार्ल सॉअर या अमेरिकन भूगोलज्ञाने 1925 साली केली. ती तपासायची तर आधी घरांची छपरे पाहावीत. मुसळधार पावसाच्या कोकणात उतरती कौलारू छपरे आढळतात, तर सोलापूर आणि मराठवाड्याच्या कमी पावसाच्या भागात जाड मातीच्या थराचे सपाट माळवद आढळते. एवढ्यावरून हवामानच घर ठरवते असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण आज दोन्हीकडे सिमेंटचा स्लॅब पडतो आहे. कोकणातील अनेक घरांचा स्लॅब चाकरमान्यांनी मुंबईहून पाठवलेल्या पैशावर उभा राहिला आहे. म्हणून घर कधी बांधले आणि पैसा कोठून आला, हे दोन प्रश्न घरमालकाला अवश्य विचारावेत.

दुसरी संकल्पना प्रसाराची, आणि तिच्यासाठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही. मिरची, बटाटा आणि काजू या तिन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या सागरी व्यापारातून त्या आपल्या किनाऱ्यावर पोहोचल्या. हिंदीत ज्याला आलू म्हणतात त्याला मराठीत आणि गुजरातीत बटाटा हाच पोर्तुगीजांकडून आलेला शब्द रुळला, म्हणजे वस्तूने कोणत्या वाटेने प्रवास केला याचा पुरावा शब्दातच उरला. गावातील प्रत्येक पदार्थाबाबत तो येथे कोणी आणला, कोणी आधी स्वीकारला आणि कोणी नाकारला, याची नोंद करावी.

स्थलनामांकडेही असेच पाहावे. वडगाव, पिंपळगाव ही नावे झाडांवरून आली. एकाच नावाच्या दोन गावांपुढे लागणारे खुर्द आणि बुद्रुक हे शब्द मात्र धाकटे आणि थोरले या अर्थाच्या फारसी शब्दांवरून आले असून फारसी वळणाच्या जुन्या कारभाराची ती खूण आहे.

सर्वांत अधिक वेळ मात्र वस्त्यांच्या मांडणीला द्यावा, कारण भूदृश्यात सत्ता कशी कोरली जाते हे येथे कळते आणि अहवालांतून नेमका हाच भाग गाळला जातो. देऊळ, चावडी आणि जुनी विहीर कोणाच्या आळीत आहेत, पूर्वीचे गावकूस कोठे संपत होते आणि त्याबाहेर कोणाला राहावे लागले, पाण्याची टाकी कोणत्या वस्तीत शेवटी पोहोचली, हे नकाशावर प्रत्यक्ष खुणा करून दाखवावे. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला आणि त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. आपल्या गावात पाटी बदलली का आणि रोजच्या बोलण्यात कोणते नाव चालते, हे स्वतंत्रपणे पाहावे.

त्यासाठी केवळ सरपंच किंवा गुरुजी यांच्याशी बोलून थांबू नये. पाणवठ्यावरच्या स्त्रिया, मेंढपाळ, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आणि लग्न होऊन आलेल्या सुना यांच्या मनातला गावाचा नकाशा निराळा असतो. एकाच्या लेखी जी पडीक जमीन, ती दुसऱ्याचे चराऊ रान किंवा देवराई असते. प्रत्येकाला हाताने गावाचा कच्चा नकाशा काढायला सांगावा आणि एकाच जागेला दोघांनी वेगवेगळी नावे दिली, तर सांगणाऱ्याची वस्ती आणि वय नमूद करून अहवालात दोन्ही नावे लिहावीत.